सिम्सचा चमचा आणि त्या तिघी

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तांबी बसवायचं शिबिर असलं की आमच्या महिला मंडळाच्या दोघी-तिघी जणी मदतीला जातो. काम काही फार मोठं नसतं. केसपेपर काढून द्यायचे, रडणारं पोर कडेवर घ्यायचं, घाबरलेल्या सुनेच्या पाठीवर हात ठेवायचा आणि दारात ताटकळलेल्या सासूला चार शब्द समजावून सांगायचे. अशाच एका शिबिरात आतल्या खोलीतून सिस्टरांचा आवाज सारखा कानावर येत होता. सिम्स द्या, सिम्स उकळून झाले का, सिम्स कमी पडतायत. मला आपलं वाटलं, असेल एखादं औषधबिषध! नंतर ट्रेमध्ये पाहिलं, तर स्टीलचं एक हत्यार. मधे दांडी आणि दोन्ही टोकांना बदकाच्या चोचीसारखं वळलेलं, पसरट.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी तांबी बसवून घेतलीय, क्युरेटिंग करून घेतलंय किंवा पिशवीच्या तोंडाची तपासणी केलीय, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या शरीराशी या हत्याराची ओळख झालेली असणार. आपण त्या वेळी डोळे मिटून किंवा छताच्या पंख्याकडे बघत पडलेल्या असतो, म्हणून ते कधी दिसत नाही एवढंच.

सिम्स हे हत्याराचं नव्हे, एका माणसाचं नाव आहे, हे मला कळायला मात्र एक मुलगी कारण झाली. तिचं नावगाव सांगत नाही. लांबच्या वस्तीवरची, सतराव्या वर्षी लग्न झालेली. पहिल्या बाळंतपणात तीन दिवस अडली. पावसाळ्याचे दिवस, रस्ता वाहून गेलेला. गाडी मिळेपर्यंत मूल पोटातच गेलं. ती वाचली. पण घरी आल्यावर आठवड्याभरात तिचा लघवीवरचा ताबा सुटला. आपल्याला वयपरत्वे खोकताना-शिंकताना थेंब जातो, तसं नव्हे. रात्रंदिवस, उठता-बसता, निजता धार सुरूच. कितीही फडकी बदलली तरी अंगाला वास. मांड्यांची कातडी सोललेली. सासरच्यांनी आधी गोठ्याशेजारी खाट टाकून दिली, मग माहेरी पाठवून दिलं. माहेरी भावजय काही बोलायची नाही, पण तिचं ताट वेगळं ठेवायची. चार वर्षं ही पोर लग्नाला गेली नाही, देवळात गेली नाही, एसटीत बसली नाही. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं पाप. हा दुखण्याचा प्रकार आहे आणि तो बरा होतो, असं मात्र चार वर्षांत कुणी म्हणालं नाही.

अंगणवाडीच्या ताईंकडून आम्हाला तिची माहिती कळली. मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाळंतीण अडते तेव्हा बाळाचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत रुतून बसतं. लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामधला जो मऊ पडदा, तो डोकं आणि हाड यांच्या कात्रीत सापडतो. तासन् तास, कधी दिवसेंदिवस रक्तपुरवठा बंद. तेवढा भाग मरतो, काही दिवसांनी झडतो आणि तिथे भोक पडतं. मग लघवी पिशवीत थांबणार कशी? कमी वयात लग्न, लहानपणापासून अर्धपोटी वाढलेलं अंग, अरुंद कंबर आणि वेळेवर न मिळालेला दवाखाना, ही त्याची कारणं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. ते भोक ऑपरेशन करून शिवता येतं, आणि शिवायची ही रीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या सिम्स नावाच्या सर्जनने बसवली, तुम्ही ट्रेमध्ये बघता ते हत्यारही त्याचंच, असं मॅडम बोलता बोलता म्हणून गेल्या.

मी पडले आर्ट्सवाली. शरीरशास्त्राशी संबंध शाळेत संपलेला. पण ते नाव डोक्यात बसलं. मिळेल तिथून वाचत गेले. सुरुवातीला त्या माणसाविषयी मनात नुसतं कौतुक होतं. पुढे वाचलं तसा घास घशात अडकल्यासारखं झालं.

जेम्स मॅरियन सिम्सचा जन्म २५ जानेवारी १८१३ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातला. १८३२ मध्ये तो कॉलेज शिकून बाहेर पडला आणि डॉक्टर व्हायचं म्हणाला, तेव्हा वडील नाराज झाले. आज आपल्याकडे पोरगा डॉक्टर व्हायचं म्हणाला तर पेढे वाटतील, पण तेव्हा तिकडे डॉक्टरकीला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १८३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन त्याने गावी पाटी लावली. पहिले दोन्ही पेशंट तान्ही मुलं. दोन्ही दगावली. तरुण डॉक्टर इतका खचला, की त्याने दारावरची पाटी काढली, विहिरीत फेकून दिली आणि गाव सोडून थेट अलाबामा राज्य गाठलं. १८३६ मध्ये थेरेसा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि १८४० पासून तो माँटगोमेरी शहरात राहू लागला. (पुढे १९५५ साली बसमध्ये जागेवरून उठायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स याच शहरातल्या!)

माँटगोमेरीत त्याचा हात चांगला म्हणून नाव झालं. तिरळे डोळे, वाकडी पावलं, फाटलेले ओठ तो सरळ करून द्यायचा. बायकांच्या दुखण्यांत त्याला बिलकूल रस नव्हता, उलट तसली तपासणी करायचा त्याला कंटाळा होता. बायकांचा डॉक्टर म्हणून जगभर पुजला गेलेला हा माणूस, त्याची सुरुवात ही अशी!

इथे त्या मुलखाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा कापसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यावर राबायला आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची लेकरं-नातवंडं गुलाम म्हणून होती. गुलाम म्हणजे गडी-मोलकरीण नव्हे. बैल विकतात तसं माणूस विकलं जायचं. परदेशातून नवे गुलाम आणायला १८०८ पासून बंदी झालेली, म्हणजे नवे गुलाम मिळायचे ते फक्त गुलाम बायकांच्या पोटी. आईचं मूल हे आईचं नसून मालकाचं. त्यामुळे गुलाम बाईचं बाळंतपण ही मालकाच्या जमाखर्चाची बाब होती. तिला असं दुखणं लागलं की तिची किंमतच उतरायची. डॉक्टरला बोलावणारा मालक, पैसे देणारा मालक आणि कापू द्यायचं की नाही हे ठरवणाराही मालक. पेशंट फक्त पडून असायची.

सिम्सच्या घरीही गुलाम होते आणि त्याच्याकडे येणाऱ्या पेशंटांत गुलाम पुष्कळ. त्यांची तान्ही बाळं धनुर्वाताने आखडून मरत. हे डोक्याच्या हाडांच्या दोषामुळे होतं अशी समजूत करून घेऊन त्याने अशा बाळांच्या कवटीची हाडं टोच्याने सरकवून पाहिली. ती समजूत साफ चुकीची होती. हा रोग नाळ अस्वच्छ हत्याराने कापण्यातून, घाणीतून होतो. आपल्या गावातल्या दाई नव्या ब्लेडने आणि उकळलेल्या दोऱ्याने नाळ बांधायला शिकल्या, गरोदर बायांना धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली, त्यामागे हेच ज्ञान. सिम्सच्या वेळी ते कुणालाच नव्हतं, हे खरं. पण टोच्या कुणाच्या लेकरांवर चालला, हेही खरंच.

१८४५ साली त्याला एका मळ्यावर बोलावणं आलं. अनार्का नावाची सतरा वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडली होती. सिम्सने चिमटा लावून मूल बाहेर काढलं. काही दिवसांनी तिच्या अंगातून लघवी आणि शी दोन्ही आपोआप वाहू लागली. भोकं दोन्ही बाजूंना पडली होती. पुढच्या काही आठवड्यांत अशाच दुखण्याच्या बेट्सी आणि ल्युसी या दोघी तरुण मुली त्याच्याकडे आणल्या गेल्या. त्याने तिन्ही मालकांना सांगितलं की याला इलाज नाही. ते खोटं नव्हतं. त्याच्या आधी व्हर्जिनियातल्या मेटॉवर नावाच्या डॉक्टरला आणि आणखी एखाद-दोघांना यश आलं होतं, पण ती रीत काही सगळीकडे पोचली नव्हती. बहुतेक ठिकाणी अशी बाई मरेपर्यंत तशीच.

ल्युसीला परत धाडायचं ठरलं होतं. तेवढ्यात एक गोरी बाई घोड्यावरून पडली आणि तिची गर्भपिशवी मागे कलंडली. सिम्सने तिला गुडघ्यांवर ओणवं केलं. आत हात घातला तशी योनीमार्गात हवा शिरली आणि पिशवी आपली आपण जागेवर गेली. सिम्सच्या डोक्यात वीज चमकली. हवेने आतला भाग असा फुगून उघडा पडत असेल, तर ते भोकही दिसेल! घरी जाताना वाटेत दुकानात थांबून त्याने कथलाचा एक मोठा चमचा विकत घेतला. दांडी वाकवली. बेट्सीला ओणवं करून ती वाकवलेली दांडी आत धरली. आजवर कुठल्याही डॉक्टरने नीट पाहिलं नव्हतं ते त्याला लख्ख दिसलं. आमच्या शिबिरातल्या ट्रेमधलं स्टीलचं हत्यार म्हणजे त्या वाकवलेल्या चमच्याचंच पुढचं रूप.

आता त्याला ध्यास लागला. घरामागे त्याचा लहानसा दवाखाना होता, तो त्याने वाढवला. मालकांशी करार केला, की बायका माझ्या ताब्यात द्या, खाणंपिणं माझ्याकडे, ऑपरेशनचे पैसे घेणार नाही. कपडे आणि सरकारचा कर तेवढा मालकाने भरायचा. अशाच दुखण्याच्या आणखीही काही जणी त्याने गोळा केल्या. पण नावं इतिहासात राहिली ती तिघींचीच. अनार्का, बेट्सी, ल्युसी. आडनावं नाहीत.

पहिलं ऑपरेशन ल्युसीचं. बघायला डझनभर डॉक्टर जमलेले. ती गुडघ्यां-कोपरांवर ओणवी, भूल नाही, तासभर. मी हे लिहिताना थांबले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. बाळंतपणानंतरचे दोन टाके बिनभुलीचे घातलेल्या बायका मला भेटतात, त्या वीस वर्षांनीही ते विसरलेल्या नसतात. आणि ते दुखणं तेवढ्यावर थांबलं नाही. लघवी वाहून जावी म्हणून सिम्सने आत स्पंजाचा तुकडा ठेवला. तो दगडासारखा घट्ट झाला, विष अंगात भिनलं आणि ल्युसी मरता मरता वाचली. अंथरुणातून उठायला तिला दोन-तीन महिने लागले.

मग बेट्सी. मग अनार्का. मग पुन्हा ल्युसी. भोक लहान व्हायचं, पण बंद व्हायचं नाही. रेशमी दोऱ्याचे टाके पिकायचे. अपयश बघून गावातले डॉक्टर एकेक करत यायचे बंद झाले. मेव्हण्यानेही समजावलं, की हा नाद सोड, बायकापोरांकडे बघ. सिम्सने सोडला नाही. पण मदतीला माणूस कुणी उरलं नाही. तेव्हा ऑपरेशनच्या वेळी धरायला, दिवा दाखवायला, हत्यार हातात द्यायला कोण होतं ठाऊक आहे? त्याच तिघी आणि त्यांच्यासारख्या बाकीच्या. आज जी टेबलावर, तीच उद्या दुसरीला धरून उभी. त्या काळी बायकांच्या ऑपरेशनमधलं इतकं बारीक काम जवळून बघितलेल्या आणि हाताने केलेल्या बायका जगात किती असतील? मला विचाराल तर त्या तिकडच्या पहिल्या नर्सच म्हणायच्या. त्यांना सर्टिफिकेट कुठलं मिळणार! गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच अलाबामात गुन्हा होता.

चार वर्षं हे चाललं. १८४९ मध्ये सिम्सने सोनाराकडून चांदीची बारीक तार ओढून घेतली. रेशीम सोडलं आणि चांदीच्या तारेने टाके घातले. तारेची टोकं आवळायला बंदुकीच्या छऱ्यासारख्या शिशाच्या गोळ्या वापरल्या. लघवी बाहेर जायला आपोआप जागेवर राहील अशी वाकडी नळीही बनवली. अनार्का पुन्हा टेबलावर चढली. तिचं हे तिसावं ऑपरेशन. आठवड्याने टाके पाहिले तर कुठे पू नाही, कुठे सूज नाही. भोक मिटलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत ल्युसी आणि बेट्सीही बऱ्या झाल्या.

तीस ऑपरेशनं. आपण आकडा वाचून पुढे जातो. चार वर्षांत तीस म्हणजे सरासरी दीड-दोन महिन्यांनी एक.

भुलीचं काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. ईथरची भूल देऊन केलेलं ऑपरेशन बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला सगळ्यांसमोर दाखवलं गेलं. म्हणजे सिम्सची पहिली ऑपरेशनं त्याआधीची. पण पुढची तीन वर्षं ती विद्या जगात होती आणि त्याने ती वापरली नाही. नवी भूल अजून भरवशाची नव्हती, तिने माणसं दगावायचीही. शिवाय हे ऑपरेशन भूल द्यावी इतकं दुखत नाही, असं त्याचं मत होतं आणि १८५७ मध्ये त्याने ते डॉक्टरांच्या सभेत मांडलंही. काळ्या माणसांना गोऱ्यांइतकं दुखत नाही, असा समज तर तेव्हा शिकल्यासवरल्या डॉक्टरांतही होता. ऑपरेशननंतर तो बायकांना अफू देत असे. त्याने वेदना कमी व्हायची आणि पोट बांधलं जाऊन टाक्यांवर ताणही यायचा नाही.

१८५२ मध्ये त्याने आपली रीत चित्रांसकट डॉक्टरांच्या मासिकात छापली. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. गुपित ठेवून पैसा करता आला असता, त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी, पोटाच्या जुनाट विकाराने हैराण होऊन, हवापालटासाठी तो बायकामुलांसह न्यूयॉर्कला गेला. तिथल्या मोठ्या सर्जननी त्याची कला शिकून घेतली आणि मग त्यालाच दारं बंद केली. शेवटी त्याच्या मागे उभ्या राहिल्या त्या न्यूयॉर्कमधल्या बायका. सारा डोरेमस यांच्यासारख्या समाजकार्य करणाऱ्या बायकांनी पैसे जमवले आणि १८५५ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर फक्त बायकांच्या दुखण्यांसाठी हॉस्पिटल उभं राहिलं. वर्गणीच्या पावत्या फाडत फिरणाऱ्या आम्हा बायांना ही गोष्ट फार जवळची वाटते! पहिल्या पेशंटांत आयर्लंडहून आलेली मेरी स्मिथ नावाची गरीब बाई होती. तिच्यावरही पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली.

पुढचं आयुष्य वैभवाचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा १८६१ मध्ये तो युरोपला गेला. पॅरिसच्या नामांकित सर्जनांसमोर त्याने ऑपरेशनं करून दाखवली, राजघराण्यातल्या बायका त्याच्या पेशंट झाल्या. १८६६ मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेवरचं त्याचं पुस्तक आलं. मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या तपासणीबद्दल त्यात इतकं उघड लिहिलं होतं की सभ्य मंडळींनी नाकं मुरडली. १८७० च्या फ्रान्स-जर्मनीच्या लढाईत त्याने जखमी सैनिकांसाठी पथक चालवलं. १८७४ मध्ये आपल्याच हॉस्पिटलच्या संचालक मंडळाशी त्याचं बिनसलं. ऑपरेशन बघायला किती डॉक्टरांना येऊ द्यायचं आणि कॅन्सरच्या बायकांना दाखल करायचं की नाही, यावरून तो वाद होता. कॅन्सर तेव्हा लागट समजत. सिम्स म्हणत होता, दाखल करा. ऐकलं नाही तसा तो राजीनामा देऊन बाहेर पडला. १८७६ मध्ये तो अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचा अध्यक्ष होता. १३ नोव्हेंबर १८८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. पुढच्या वर्षी त्याचं आत्मचरित्र निघालं आणि न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटलही स्थापन झालं.

आज आपण त्या तिघींबद्दल जे काही सांगतो, ते जवळजवळ सगळं या आत्मचरित्रातून आणि सिम्सच्या लेखांतून आलेलं. त्यांच्या बाजूची कागदाची एक चिटोरीही नाही. सिम्स लिहितो की त्या ऑपरेशनला राजी होत्या, उलट त्याच मागे लागायच्या. यावर आजही विद्वानांत वाद आहे. काही डॉक्टर म्हणतात, की हे दुखणं ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही, बाई बरं व्हायला काहीही सोसेल. मी आमच्या त्या मुलीला पाहिलंय, त्यामुळे मला हे पटतं. तिने डॉक्टर मॅडमना, भूल नसली तरी चालेल पण करा, असंच सांगितलं होतं. पण दुसरी बाजूही मला तितकीच पटते. जिला नाही म्हणायची सोयच नव्हती, तिच्या हो ला काय अर्थ? आमच्या मुलीला फॉर्म वाचून दाखवला, तिला दोन दिवस विचार करायला दिले, नको म्हणाली असती तर मी तिला त्याच एसटीने परत आणली असती. अनार्काला परत जायचं म्हणजे कुठे जायचं होतं?

आणि हे सगळं फार लांबचं, फार जुनं, असंही समजायला नको. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या भराभर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कितीतरी बायका तिशी-पस्तिशीच्या. त्यांचेही अंगठे कागदावर होतेच.

सिम्सचा पुतळा १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. पुढे तो सेंट्रल पार्कच्या कडेला हलवला. खाली त्याचं कर्तृत्व कोरलेलं, तिघींचा उल्लेख नाही. विसाव्या शतकात एका औषध कंपनीने काढून घेतलेलं एक चित्र आहे. सिम्स हाताची घडी घालून उभा, टेबलावर एक मुलगी गुडघ्यांवर बसलेली आणि मागे टांगलेल्या चादरीआडून दोघी डोकावताहेत. सगळं कसं स्वच्छ, शांत. मला ते चित्र बघवत नाही, पण चादरीआडच्या त्या दोघींवरून नजरही हटत नाही. अभ्यासकांनी, विशेषतः काळ्या बायकांनी, अनेक वर्षं हा विषय लावून धरला. २०१७ मध्ये काही तरुण मुली दवाखान्यातल्या गाऊनवर लाल रंग ओतून पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि १७ एप्रिल २०१८ रोजी तो पुतळा तिथून काढला गेला. माँटगोमेरीत मात्र सरकारी इमारतीच्या आवारात सिम्सचा दुसरा पुतळा १९३९ पासून आहे. त्याच गावात २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मिशेल ब्राउडर या कलावंत बाईने टाकाऊ लोखंडी सामान जोडून तिघींचे जवळपास १५ फूट उंचीपर्यंतचे पुतळे उभे केले. त्यांना स्त्रीरोगशास्त्राच्या माता म्हटलंय.

पुतळा हलवावा की ठेवावा, हे त्या गावच्या लोकांनी ठरवावं. हत्यार मात्र कुणी फेकून दिलेलं नाही, आणि देऊही नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना फिस्टुला होतो. त्यातल्या बहुतेक आफ्रिकेतल्या आणि आपल्या आशियातल्या. ज्या मुलखातून अनार्काच्या पूर्वजांना बांधून नेलं, तिथेच हे दुखणं आज सर्वांत जास्त! इथिओपियात कॅथरिन हॅमलिन आणि त्यांचे पती या डॉक्टर जोडप्याने १९७४ मध्ये खास या दुखण्याचं हॉस्पिटल काढलं. तिथे बऱ्या झालेल्या कितीतरी बायका पुढे तिथल्याच परिचारिका झाल्या. एक तर उत्तम ऑपरेशन करायला शिकली. आपल्याकडे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तसं हे प्रमाण पुष्कळ घटलं, पण संपलेलं नाही. म्हणून, अशी कुणी बाई तुमच्या गल्लीत, वस्तीवर, नात्यात असेल, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात घेऊन जा. ज्यांना नव्याने झालंय त्यांना कधी कधी नुसती नळी ठेवूनही गुण येतो, उशीर करू नये.

आमची मुलगी एका ऑपरेशनमध्ये बरी झाली. कमरेखाली भूल देऊन केलं. तीन आठवडे नळी होती. त्या संक्रांतीला ती माझ्याकडे हळदीकुंकवाला आली आणि सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसली. उठताना सवयीने मागे वळून सतरंजी चाचपली, आणि माझ्याकडे बघून हसली.

मागच्या शिबिरात बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या बायकांना मी ही तिघींची गोष्ट सांगितली. सुना तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कोपऱ्यात एक आजी सुनेसोबत आल्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, की बऱ्या झाल्यावर त्या पोरींना घरी जाऊ दिलं का? मी म्हटलं, आजी, घर कसलं, गुलामच होत्या त्या, गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये. आजी गप्प झाल्या. मग आतून नंबर पुकारला, तशी सुनेच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि तिच्यासोबत आत जायचं म्हणून उठून उभ्या राहिल्या.